नैराश्य, मंदावलेलं डोकं आणि थांबलेले हात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः रुग्णांच्या घरच्यांचे आहेत, काही स्वतः रुग्णांचे, तर थोडे मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींचे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तर आधीच येऊन गेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. परिस्थिती तातडीची असेल तर प्रश्न १४ आधी वाचा.

१. नैराश्य हा मनाचा आजार. त्यात हातांचा काय संबंध?

आजार मनाचा म्हणतात, पण तो सगळ्या अंगात उतरतो. झोप, भूक, आवाज, चाल, चेहरा, काहीच सुटत नाही. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या नियमावलीत मेजर डिप्रेशनची नऊ लक्षणं आहेत. त्यांतलं एक म्हणजे हालचाली आणि बोलणं मंदावणं, किंवा याच्या उलट, एका जागी स्वस्थ बसता न येणं. इथे एक अटही आहे: हे दुसऱ्यांना दिसलं पाहिजे. 'मला आतून जड वाटतं' एवढं पुरत नाही. विचार करता न येणं, लक्ष न लागणं, साधा निर्णयही न घेता येणं हे आणखी एक लक्षण. म्हणजे हात आणि डोकं दोन्ही मूळ यादीतच आहेत. आपण मात्र रडू आलं का, एवढंच विचारत राहतो.

२. उदास तर सगळेच असतात. 'मेजर डिप्रेशन' कधी म्हणायचं?

नऊपैकी किमान पाच लक्षणं, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज. त्यांत मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच. शिवाय त्यामुळे कामधंदा, घर किंवा नातेसंबंध यांत अडथळा आलेला असावा आणि दुसरा आजार, औषध किंवा व्यसन हे त्याचं कारण नसावं. हा ताळा मानसोपचारतज्ज्ञाने घालायचा असतो. इंटरनेटवरची प्रश्नावली भरून फार तर शंका येते, निदान होत नाही.

३. हातवारे म्हणजे नेमकं काय काय? डोकं खाजवणंही त्यात येतं का?

येतं, पण वेगळ्या खात्यात. बोलण्याबरोबर होणाऱ्या हालचालींचे संशोधक साधारण असे प्रकार करतात. वस्तूचा आकार किंवा क्रिया हाताने काढून दाखवणं, जसं 'एवढी मोठी परात होती' म्हणताना दोन्ही हात फाकवणं. बोट दाखवणं. बोलण्याच्या लयीत हात हलणं. आणि अमूर्त गोष्टीला हवेत जागा देणं: 'एकीकडे पगार, एकीकडे कर्जाचे हप्ते' असं म्हणताना दोन तळवे आपोआप दोन बाजूंना जातात. ही विभागणी डेव्हिड मॅकनील यांच्यामुळे रूढ झाली. ओठांवर बोट ठेवून 'गप्प' किंवा अंगठा दाखवून 'ठीक' अशा ठरावीक खुणा वेगळ्या, कारण त्या शब्दांशिवायही कळतात.

डोकं खाजवणं, अंगठी फिरवत राहणं, पदराचं टोक पिळणं ही स्वतःलाच केलेली चाळवाचाळव. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन यांनी १९६९ मध्ये तिला वेगळा गट दिला. हा फरक लक्षात ठेवा, कारण नैराश्यात पहिल्या प्रकारचे हातवारे घटून ही चाळवाचाळव मात्र वाढलेली असू शकते. हातांवर मोघम नजर टाकणाऱ्याला मग वाटतं, 'हात तर चालूच आहेत की!'

४. हातवारे ही नुसती सवय नाही, विचारांशी जोडलेली गोष्ट आहे, हे कशावरून?

फोनवर पत्ता सांगणाऱ्या कुणालाही बघा. पलीकडच्याला काही दिसत नाही, तरी हात डावीकडे-उजवीकडे वळत असतात. याहून पक्का पुरावा १९९८ चा आहे. जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी जन्मापासून अंध असलेल्या मुलांचं निरीक्षण केलं. ज्यांनी आयुष्यात कुणाचे हातवारे पाहिले नव्हते ती मुलंही बोलताना हातवारे करत होती, आणि समोरचा ऐकणारा अंध आहे हे ठाऊक असतानाही करत होती. म्हणजे हे केवळ बघून उचललेलं नाही आणि केवळ समोरच्याला दाखवण्यासाठीही नाही.

गोल्डिन-मेडो यांच्याच गटाचा २००१ चा प्रयोग आपल्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. मुलांना आणि मोठ्यांना आधी काही शब्द किंवा अक्षरं लक्षात ठेवायला दिली, मग गणित कसं सोडवलं ते समजावून सांगायला लावलं आणि शेवटी आधीची यादी विचारली. समजावताना ज्यांचे हात चालले, त्यांच्या लक्षात जास्त राहिलं. हात हलले की डोक्यावरचा भार थोडा हलका होतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

५. 'डोकंच चालत नाही' असं मिस्टर सारखं म्हणतात. नक्की काय बिघडलेलं असतं?

बुद्धी गेलेली नसते. मंदावतात त्या तीन-चार ठरावीक गोष्टी: विचारांचा वेग, टिकून राहणारं लक्ष, वर्किंग मेमरी, आणि आखणी करून एका कामावरून दुसऱ्यावर जाण्याची क्षमता. वर्किंग मेमरी म्हणजे माहिती काही सेकंद मनात धरून तिच्यावर काम करणं. गॅसवर फोडणीचं तेल तापतंय, तेवढ्यात बेल वाजते, दूधवाल्याला 'उद्या अर्धा लिटर जास्त' सांगून माणूस परत ओट्यापाशी येतो आणि मोहरी टाकतो. एरवी हे आपोआप होतं. आजारात दारातून परत येईपर्यंत तेलाचा पत्ताच नसतो.

चाचण्याही याच धाटणीच्या आहेत. ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगणं (७-२-९-४ ऐकून ४-९-२-७), आकड्यांखाली ठरलेली चिन्हं दीड-दोन मिनिटांत भराभर लिहिणं, कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आलटून पालटून रेषेने जोडणं. यांत मिस्टरांचे गुण कमी आले तर त्यांना 'मन लावून करा' म्हणू नका. मन लावण्याची यंत्रणाच आजारी आहे.

६. नैराश्यात हातवारे कमी होतात, की चुकतात?

दोन्ही, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कमी होण्याची नोंद जुनी आहे. एकमन आणि फ्रिझन यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या नैराश्यग्रस्तांच्या मुलाखतींची चित्रफीत तपासली. दाखल होताना बोलण्याला साथ देणारे हातवारे कमी होते, बरं होऊन घरी जाताना ते वाढलेले होते. चालण्यातही हेच दिसतं. जर्मनीत योहानेस मिखालाक यांच्या गटाने २००९ मध्ये चालीचं मोजमाप केलं, तेव्हा नैराश्यात वेग कमी, हातांचा झोका कमी, पाठीला पोक आणि अंग बाजूला जास्त झुलणं अशा गोष्टी दिसल्या.

चुकण्याचा अभ्यास अलीकडचा आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात सेबास्टियन वाल्टर यांच्या गटाने त्यासाठी ट्यूलिया नावाची चाचणी वापरली. मूळ चाचणी पक्षाघातानंतर हातांची कौशल्यं किती शाबूत आहेत हे बघण्यासाठी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ४८ कृती असतात. निम्म्या समोरच्याचं बघून करायच्या, निम्म्या फक्त तोंडी सूचनेवरून. काही निरर्थक हालचाली, काही ठरावीक खुणा, काही वस्तू वापरल्याचा अभिनय. 'हातात कंगवा आहे असं समजा आणि केस विंचरा.' सोपं वाटतं. आता बघा, कंगवा धरल्यासारखी मूठ करायची, ती डोक्यापासून कंगव्याइतक्या अंतरावर ठेवायची, दिशा बरोबर हवी. अडखळणारा माणूस पुष्कळदा बोटांचाच कंगवा करून केसांतून फिरवतो, किंवा हात वर नेऊन मध्येच थांबतो. प्रत्येक कृतीला ० ते ५ गुण, एकूण २४०.

या गटाच्या आनास्तासिया पाव्हलिडू आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेजर डिप्रेशनच्या रुग्णांची हातवाऱ्यांची कामगिरी निरोगी लोकांपेक्षा कमी भरली आणि तिचा संबंध वर्किंग मेमरीशी दिसला. म्हणजे हात कमजोर नव्हते. नसलेली वस्तू मनात धरून ठेवायची, कृतीचे टप्पे जुळवायचे आणि हाताला तसं करायला लावायचं, ही साखळी तुटत होती. प्रश्न ५ मधली तेलाची कढई आणि हा न दिसणारा कंगवा एकाच जागी निसटतात, असं म्हणायला हरकत नाही. मात्र संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, विद्यार्थ्यांनी एवढं पथ्य पाळावं.

७. मेंदूत काय होतं?

हालचाल सुरू करणं आणि तिचा वेग ठेवणं हे काम मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया आणि त्यांना जोडलेल्या पुढच्या भागांच्या जाळ्यातून होतं. या जाळ्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाला मोठं महत्त्व आहे, आणि उत्साह व आखणी यांचे मार्गही शेजारूनच जातात. म्हणून 'उठावंसं वाटत नाही' आणि 'उठता येत नाही' यांच्यात घरच्यांना दिसते तेवढी स्पष्ट रेघ नसते. 'एक रसायन कमी पडलं की नैराश्य' ही गोष्ट मात्र फारच सोपी करून सांगितलेली आहे, ती सोडून द्या.

८. आमच्या आईचं उलटंच आहे. हात एक मिनिट स्थिर नसतात. मग हे नैराश्य नाही का?

असू शकतं. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली नैराश्यमापनाची श्रेणी आजही वापरात आहे. तिच्यात मंदपणाला एक कलम आहे आणि अस्वस्थतेला दुसरं. अस्वस्थतेच्या खालच्या पायरीवर हाताशी, केसांशी चाळा करणं येतं, तर वरच्या पायरीवर हात चोळणं, नखं खाणं, केस ओढणं, ओठ चावणं. एकाच माणसात दोन्ही दिसू शकतात: बोलणं संथ, उत्तराला उशीर, आणि मांडीवर बोटं मात्र एकमेकांत गुंतत-सुटत राहिलेली.

आईंचे हात काय करतात ते बघा. त्या बोलतात तेव्हा हात गोष्ट सांगतात, की गोष्टीशी संबंध नसलेलं काहीतरी करतात? नवीन औषध सुरू झाल्यावर हे वाढलं असेल तर प्रश्न ११ वाचा.

९. मग हातांकडे बघून नैराश्य ओळखता येईल? व्हिडिओवरून सांगणारी ॲप्सही आली आहेत म्हणे.

नाही. काही माणसं मुळातच हात न हलवता बोलतात. काही घरांत मोठ्यांसमोर हात हलवून बोलणं उद्धटपणाचं मानतात. थकवा, संधिवात, खांद्याचं दुखणं, नुसता संकोच, कशानेही हात थांबतात. दोन माणसांची तुलना इथे निरुपयोगी आहे. उपयोगी तुलना एकच: हाच माणूस, सहा महिन्यांपूर्वीचा आणि आताचा. ती ॲपला करता येत नाही, कारण त्याने तुमच्या वडिलांना गणपतीत आरती म्हणताना पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय.

व्हिडिओतून हालचाली मोजण्याचं संशोधन खरंच चालू आहे आणि त्यात दमही आहे. पण संशोधनातलं मोजमाप आणि फोनवरचा निकाल यांत बरंच अंतर आहे.

१०. सासरे ७२ वर्षांचे आहेत. विसरतात, गप्प बसतात, चेहऱ्यावर भाव नाहीत. डिप्रेशन, डिमेन्शिया, की पार्किन्सन्स?

हा या पानावरचा सर्वात अवघड प्रश्न आहे, आणि पत्राने सुटणारा नाही. पण डॉक्टरांकडे जाताना काय बघून जायचं ते सांगता येईल.

नैराश्यातला विसराळूपणा बहुधा काही आठवड्यांत वाढतो. माणूस स्वतःच तक्रार करतो आणि प्रश्न विचारला की 'माहीत नाही' म्हणून सोडून देतो. डिमेन्शियात तक्रार बहुधा घरचे करतात. रुग्ण वेळ मारून नेतो, चुकीचं का होईना उत्तर देतो. पार्किन्सन्समध्ये सुरुवातीला लक्षणं एका बाजूला जास्त असतात: चालताना एकच हात न झुलणं, स्वस्थ बसलेलं असताना एका हाताला कंप, अक्षर बारीक होत जाणं.

आता गुंता. पार्किन्सन्समध्ये नैराश्य खूप आढळतं आणि काही वेळा कंपाच्या आधी येतं. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी पुढे येणाऱ्या डिमेन्शियाची चाहूल असतं. त्यामुळे 'हे की ते' असा हट्ट धरू नका. थायरॉईड आणि बी-१२ ची तपासणी मात्र आधी करून घ्या. दोन्हींच्या कमतरतेत माणूस मंद आणि उदास होतो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवलाचं नाही.

११. गोळ्या सुरू केल्यावर हात थरथरतात, ताठही वाटतात. औषधच बंद करू का?

स्वतःहून बंद करू नका, पण फोन आजच करा. काही नैराश्यरोधक औषधांनी आणि मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी देतात त्या लिथियमने बारीक कंप येतो. लिथियम घेणाऱ्याला ठळक कंप, उलट्या, जुलाब किंवा झोकांड्या जाणं असं काही झालं तर थांबायचंच नाही, लगेच दाखवायचं. रक्तातलं प्रमाण वाढल्याची ती खूण असू शकते. नैराश्यात कधी कधी जोडीला देतात त्या अँटिसायकोटिक औषधांनी हात ताठ होऊन हालचाली आक्रसतात, किंवा पाय स्थिर ठेवता येत नाहीत. बाहेरून हे नैराश्य वाढल्यासारखं दिसतं आणि मात्रा आणखी वाढवली जाण्याचा धोका असतो. म्हणून 'गोळी कधी सुरू झाली आणि हे कधी सुरू झालं' या दोन तारखा डॉक्टरांना सांगा. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांनी वयस्कर माणसांची स्मरणशक्ती आणखी मंद होऊ शकते, तेही विचारून घ्या.

१२. उदासी गेली, झोप लागते. पण डोकं अजून पूर्वीसारखं नाही. हे कायमचं आहे का?

तुमच्यासारखी पत्रं पुष्कळ येतात. मनःस्थिती सुधारल्यावरही लक्ष आणि आखणी यांतल्या अडचणी काही जणांत रेंगाळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. 'कायमचं' असं त्यातून ठरत नाही. उरलेली लक्षणं म्हणून त्यांची वेगळी दखल घ्यायला सांगा. अर्धवट झोप, एखादं औषध, दारू किंवा न ओळखलेला थायरॉईड यांपैकी काही अजून मागे आहे का, ते बघून घ्या. कामावर परतताना पहिल्या दिवसापासून पूर्ण भार घेऊ नका. यादी लिहिणं, एका वेळी एकच काम, सूचना तोंडी न घेता मेसेजवर मागणं, यात कमीपणा नाही.

१३. मुद्दाम हातवारे केले तर डोकं चालायला लागेल का? छाती काढून उभं राहण्याबद्दलही वाचलं.

प्रश्न ४ मधला प्रयोग आजारी नसलेल्या लोकांवरचा आहे, त्यातून उपचार काढता येत नाही. तरी काही समजावून सांगताना हात मोकळे ठेवण्यात तोटा काहीच नाही. ऐटीत उभं राहिल्याने हार्मोन बदलतात हा २०१० मधला गाजलेला दावा पुढच्या, जास्त लोकांवर केलेल्या प्रयोगांत टिकला नाही. नियमित व्यायामाचा नैराश्यात उपयोग होतो, याला मात्र चांगला आधार आहे. आणि घरच्यांनो, 'जरा हसून, हात हलवून बोल ना' असं म्हणू नका. आधीच अपुरी पडणारी ताकद मग सोंग वठवण्यात जाते.

१४. दोन दिवसांपासून भाऊ बोलत नाही, हलत नाही, जेवत नाही. हात उचलून ठेवला तर तसाच राहतो. थांबून बघू का?

थांबू नका. हा कॅटाटोनिया, म्हणजे माणूस जागच्या जागी थिजून जाण्याची अवस्था, असू शकतो, आणि खाणंपिणं बंद असेल तर ती तातडीची बाब आहे. जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. त्यावर उपचार आहेत आणि वेळेत मिळाले तर चांगला उतार पडतो. जीव देण्याचं बोलणं किंवा तशी तयारी दिसली तरी हेच करा, आणि माणसाला एकटं सोडू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर तातडीसाठी ११२. बोलून सल्ला घ्यायचा असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.

१५. समोरच्याचे हातवारे, चेहरे उदास माणसाला नीट कळतात का? बायकोला नैराश्य आहे. ती म्हणते मी सतत चिडलेलो असतो, आणि मी चिडलेलो नसतो.

कळण्यातही फरक पडतो. नैराश्यात निर्विकार चेहरा नाराज किंवा दुःखी वाटण्याकडे कल असतो, हे बऱ्याच प्रयोगांतून दिसलं आहे. त्यामुळे तुम्ही मोबाईलमधून मान न काढता 'हं' म्हणालात की त्यांना त्यात राग दिसतो. वाद घालून ते बदलणार नाही. काही दिवस खुणांवर विसंबू नका, शब्दांत सांगा: 'मी चिडलेलो नाही, दमलोय.' बाळबोध वाटेल. पण उपयोगी पडतं.

१६. माझी बहीण बहिरी आहे, सांकेतिक भाषेत बोलते. तिच्या बाबतीत हे कसं लागू होईल?

तिचे हात हातवारे करत नाहीत, भाषा बोलतात. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, आणि चेहऱ्याची हालचाल हा त्या व्याकरणाचाच भाग आहे. म्हणून न जाणणाऱ्या डॉक्टरला तिचं जोरकस बोलणं 'अस्वस्थ' वाटू शकतं आणि मंदावलेलं बोलणं 'शांत'. तिच्यासोबत प्रशिक्षित दुभाषी असावा, शक्यतो घरचा नको. तिचं नेहमीचं बोलणं किती वेगाचं, किती मोकळं असतं, हे तिच्या मैत्रिणींना विचारा.

१७. डॉक्टरांना नेमकं काय सांगू? आत गेलं की पाच मिनिटांत बाहेर.

'गप्प असतात' ऐवजी प्रसंग सांगा. 'पूर्वी क्रिकेटची मॅच सांगताना बॉलिंगची ॲक्शन करून दाखवायचे, आता स्कोअर विचारला तर दोन शब्दांत सांगतात, हात मांडीवरच.' 'प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला इतका वेळ लागतो की आम्हाला वाटतं ऐकूच आलं नाही.' 'शर्टाची बटणं लावायला आता दहा मिनिटं.' असं एक वाक्य दहा विशेषणांना भारी. कधीपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, कोणती गोळी चालू आहे, हे कागदावर लिहून न्या. पूर्वी कधी उलट काळ आला होता का, म्हणजे झोप न घेता उत्साह ओसंडणं, भराभर बोलणं, वारेमाप खर्च, तेही सांगा. तसं असेल तर आजार वेगळा असू शकतो आणि औषधंही बदलतात. चोरून व्हिडिओ काढू नका. विचारून काढलात तर जुन्या लग्नातली एखादी क्लिपही सोबत दाखवा, तुलनेला ती हवीच.

१८. एम.ए.च्या प्रबंधासाठी ट्यूलिया मराठीत वापरली तर चालेल का?

नुसतं भाषांतर करून नाही. निरर्थक हालचालींची नक्कल सगळीकडे सारखी, पण ठरावीक खुणा संस्कृतीगणिक बदलतात आणि वस्तू वापरण्याची सवयही. हाताने जेवणाऱ्याला चमच्याचा अभिनय करायला लावून त्याचे गुण कापले, तर तुम्ही आजार मोजला की सवय? आधी परवानगी घ्या, निरोगी मराठी लोकांवर चाचणी करून स्थानिक मापदंड ठरवा, शिक्षण आणि वय यांची नोंद ठेवा, आणि एकाच व्हिडिओला दोन परीक्षकांनी स्वतंत्र गुण दिले तर ते कितपत जुळतात ते तपासा. उजव्या-डाव्या हाताची नोंद विसरू नका. पक्षाघात, पार्किन्सन्स किंवा हाताची दुखापत असलेल्यांना आधीच वगळा.

१९. मुलगी अमेरिकेत आहे. व्हिडिओ कॉलवर हल्ली एकदम थंड वाटते. मी उगाच काळजी करतोय का?

कॉलवर बहुतेक फक्त चेहरा आणि खांदे दिसतात, हात चौकटीबाहेर राहतात, आणि आवाजही उशिरा पोचतो. त्यामुळे एका कॉलवरून काही ठरवू नका. बदल दोन-तीन आठवडे टिकला, झोप-जेवणाची उत्तरं तुटक यायला लागली, मराठीत गप्पा मारणारी पोर 'फाईन' एवढ्यावर आली, तर सरळ विचारा. जीव नकोसा वाटतो का, हेही विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. तिथे तातडीची मदत ९८८ या क्रमांकावर मिळते. डॉक्टर तिथलाच असेल तर तिला एक सुचवून ठेवा: एरवी मी कशी बोलते, किती हात हलवून बोलते, हे त्याला आधीच सांग. परक्या भाषेत बोलताना तिचे हात एरवीपेक्षा कमी-जास्त हलत असतील, आणि त्याला ते कळायला दुसरा मार्ग नाही.